गटारपाण्यातले बेदाणे

घाण पाणी मिळवणं किती अवघड आहे, हे आमच्या कोइवुरान्तात राहिल्याशिवाय कळायचं नाही. गावाच्या तीन बाजूंना तळी आहेत आणि चौथ्या बाजूला आणखी एक तळं आहे. त्या पाण्यात तळाचे गोटे दिसतात. मी आयुष्यभर शाळेत निसर्गशास्त्र शिकवलं आणि मुलांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं, ‘पाणी स्वच्छ ठेवा.’ त्यांनी ऐकलं. आता म्हातारपणी मला चार बाटल्या घाण पाणी हवं होतं, आणि माझ्याच विद्यार्थ्यांनी ते कुठे शिल्लक ठेवलं नव्हतं.

पाणी हवं होतं ते रेइनोच्या टाचेसाठी.

रेइनो हुक्कानेन आमच्या खालच्या मजल्यावर एकटाच राहतो. नोकरीत असताना तो बंदरावर बोटींचे कागद तपासायचा. निवृत्त झाल्यावर बोटी संपल्या, तेव्हा तो आमच्या इमारतीच्या समितीचा अध्यक्ष झाला आणि आम्हाला तपासू लागला. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या शेवटी बर्फावरच्या बुटानं त्याची टाच घासली. एवढीशी जखम, पण तिच्यात एक जंतू येऊन बसला, आणि कुठल्याही औषधानं तो उठेना. भाडं थकवलेला भाडेकरू बसतो तसा. डॉक्टरांनी रेइनोला सांगितलं, चाल, खा, पी, झोप. जखम भरेपर्यंत सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, तेवढी बंद. आमच्याकडे हे म्हणजे श्वास सोडून बाकी सगळं चालेल, असं सांगण्यासारखं आहे.

इमारतीत सौना एकच आहे, तळमजल्यावर, लाकडाच्या भट्टीची. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास ठरवून दिलेला. शनिवारी संध्याकाळी सहा ते सात माझा आणि बायकोचा, ताइमीचा. सात ते आठ रेइनोचा. सात वाजता ताइमी वर निघून जायची, मी अंगातून वाफा निघत असताना बाहेरच्या बाकावर बसायचो. रेइनो त्याचा पहिला घाम काढून यायचा आणि शेजारी बसायचा. दोघं एकेक बाटली बिअर प्यायचो. बोलायचो नाही. आमची सगळी मैत्री त्या बाकावर, न बोलता झालेली आहे.

आता इमारतीचा एक नियम असा, की ज्यानं वर्षभर आपला तास वापरला नाही, त्याचा तास एकतीस डिसेंबरनंतर यादीतल्या पुढच्या माणसाला मिळतो. हा नियम रेइनोनंच केलेला. तेव्हा सगळे त्याला निर्दय म्हणाले होते, आणि तो म्हणाला होता, “वाफ कुणाच्या बापाची नसते.” यादीत पहिली होती तिसऱ्या मजल्यावरची उल्पु पार्तानेन. शनिवारच्या तासासाठी ती कधीपासून थांबली आहे, हे तीसुद्धा विसरली असेल. बाई मनानं चांगली. रेइनोच्या पायासाठी तिनं लोकरीचे मोजे विणले, आणि त्याच आठवड्यात सौनाच्या फळीवर अंथरायला तागाचं नवं कापड विकत आणलं. दोन्ही गोष्टी तिनं प्रेमानंच केल्या.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये वर्तमानपत्रात एक निवेदन आलं. हेलसिंकीच्या एका संशोधनसंस्थेनं स्पर्धा जाहीर केली होती, सगळ्यांसाठी खुली. वयाची अट नाही, शिक्षणाची नाही. फक्त पाणी पाठवायचं.

इथे मला थोडं फळ्यापाशी जायला हवं. विषाणू म्हटलं की लोक तोंडाला फडकं बांधतात. पण काही विषाणू माणसाच्या वाटेलाच जात नाहीत. ते फक्त जंतूंना मारतात. जंतूच्या आत शिरतात, वाढतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. तेही मोठे चोखंदळ. एकेक विषाणू एकेका जातीच्या जंतूवरच जगतो, शेजारच्या जातीकडे ढुंकून बघत नाही. मग हवा तो विषाणू शोधायचा कुठे? मुलांना मी विचारायचो, लांडगा कुठे सापडेल? मुलं म्हणायची, मेंढ्यांच्या मागे. बरोबर. जिथे जंतू, तिथे त्यांचा लांडगा. म्हणजे घाणीत. संस्थेकडे हट्टी जखमांमधले जंतू गोळा करून ठेवलेले होते. ज्याच्या पाण्यात त्यांना मारणारा विषाणू निघेल तो विजेता, आणि त्या विषाणूचं नाव ठेवायचा मान त्याचा.

रेइनोचा जंतूही त्या संग्रहात होता. “माझा हेलसिंकीला असतो,” असं तो लोकांना सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, मुलगा तिकडे नोकरीला आहे.

मी ठरवलं, आपण उतरायचं. शेजाऱ्यांना विचारलं, घाण पाणी कुठे मिळेल? प्रत्येकानं पत्ता दिला, आणि प्रत्येक पत्ता दुसऱ्या गावचा होता. आमच्या गावचं घाण पाणी कुणाला माहीतच नव्हतं. उल्पुनं तर जरा रागावूनच विचारलं, “आर्वो, तू आमच्याकडे का आलास? आमच्याकडे तुला काय दिसलं?”

शेवटी मी पाणीखात्यात गेलो. तिथे मार्केत्ता नावाची बाई होती, माझीच विद्यार्थिनी. तिनं कॉफी दिली, दालचिनीचा पाव दिला, पाणी दिलं नाही.

“सर, सांडपाणी द्यायला हरकत नसावी,” ती म्हणाली.

“मग दे.”

“पण द्यावं असंही नाही.”

आमच्या सावो भागात हो आणि नाही यांच्यामध्ये बराच मोठा मुलूख आहे, आणि आम्ही सगळे त्यातच राहतो. मी म्हणालो, “मार्केत्ता, नक्की काय ते सांग.”

“अर्जात कारण लिहावं लागतं. मासेमारी, पोहणं किंवा बांधकाम. तुम्हाला यातलं काय करायचंय?”

“सांडपाण्यात?”

“म्हणूनच विचारतेय.”

खूप विचार करून आम्ही ‘मासेमारी’वर खूण केली. एका अर्थी ते खरंच होतं. मी गळ टाकायलाच निघालो होतो, मासा तेवढा बारीक होता. पहिल्या बाटलीचं काम असं झालं. दुसरी उल्पुच्या खताच्या ढिगातून पाझरलेल्या पाण्याची. ती मला रेइनोनं मिळवून दिली, कारण खताचे ढीग समितीच्या ताब्यात येतात. तिसरी गावाबाहेरच्या एका गोठ्यातली. तिथला शेतकरी एवढंच म्हणाला, “पाहिजे तेवढं ने. परत आणून देऊ नकोस.”

चौथी मला आमच्या अंगणातल्या मोरीविहिरीची हवी होती. तिच्यात सबंध इमारतीचं न्हाणीपाणी उतरतं. वर लोखंडी झाकण. ते उघडायला समितीचा ठराव लागतो. सभा भरली, कॉफी झाली. रेइनो अध्यक्षाच्या खुर्चीत, पाय स्टुलावर, पायात उल्पुनं विणलेला मोजा.

“झाकण उघडण्याचं प्रयोजन?” त्यानं विचारलं.

“तुझी टाच,” मी म्हणालो.

“टाच ही माझी खाजगी मालमत्ता आहे. झाकण इमारतीचं आहे.”

“अरे, तू पाय धुतोस ते पाणी कुठे जातं? तुझे जंतू तिथेच असणार. त्यांचा लांडगाही तिथेच असेल.”

उल्पु म्हणाली, “मला हरकत नाही. पण या बाटल्या ठेवणार कुठे? थंड तळघरात सगळ्यांचे बटाटे असतात. बटाट्यांशेजारी ‘सांडपाणी’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली मला चालायची नाही. सकाळी सकाळी वाचायला बरं वाटत नाही.”

यावर मोठी चर्चा झाली आणि एकमतानं ठरलं: झाकण उघडावं, बाटल्या तळघरात डाव्या फडताळावर ठेवाव्या, त्यांवर मन विटाळेल असा शब्द लिहू नये, केवळ अंक घालावे. रेइनोनं स्वतः मत दिलं नाही. प्रकरण आपल्या टाचेचं असल्यामुळे अध्यक्षानं तटस्थ राहिलेलं बरं, असं तो म्हणाला.

बाटल्या कुठल्या, हे सांगायचं राहिलं. ताइमीनं मुरांब्याच्या बरण्या द्यायला साफ नकार दिला. “माझ्या बरणीत तू गटार भरणार, आणि पुढच्या हिवाळ्यात त्यात मी आपली लाल बोरं भरायची?” मग तिनं सिमाच्या जुन्या बाटल्या दिल्या, तारेच्या बुचाच्या. सिमा म्हणजे एक मेच्या वसंतसणाला आम्ही घरोघरी करतो ते लिंबू-साखरेचं आंबवलेलं पेय. रंग पिवळट, थोडं गढूळ. बाटलीत पाचसहा बेदाणे टाकून ती थंड जागी ठेवायची. बेदाणे तळाशी असले तर सिमा कच्ची, वर तरंगले की तयार. ताइमी आपल्या बाटल्यांवरसुद्धा अंक घालते, कारण ती दोन-तीन खेपांत करते. तिची सिमा उजव्या फडताळावर, माझं पाणी डाव्या. दोन्ही पिवळट, दोन्ही गढूळ, दोन्हींवर अंक. मुलांच्या पेपरात असा प्रश्न आला असता, तर मी खाली रेघ मारून लिहिलं असतं: ‘इथे काय चुकेल?’

एप्रिलच्या शेवटी अंगण साफ करायचा सामुदायिक दिवस असतो. सगळे आपापलं फावडं-झाडू घेऊन खाली येतात, पानं गोळा करतात आणि शेवटी सॉसेज भाजतात. उल्पुनं तळघर घेतलं. फडताळं साबणानं धुतली, बाटल्या पुसल्या आणि उंचीप्रमाणे नीट लावल्या. इतक्या नीट, की डावं उजवीकडे गेलं आणि उजवं डावीकडे. संध्याकाळी ताइमीनं आपल्या बाटल्या बेदाणे बघून ओळखल्या आणि वर नेल्या. माझ्या तिथेच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाटल्या आणायला उतरलो. हेलसिंकीला पोचायची मुदत पुढच्या संध्याकाळपर्यंत होती. दिवा लावला, आणि जे दिसलं ते बघून मी बटाट्यांच्या पेटीवर बसलो. चारही बाटल्यांमध्ये बेदाणे होते. आणि ते वर तरंगत होते.

मी तसाच रेइनोच्या दारात.

“रेइनो, तळघरात गेला होतास?”

“गेलो होतो.” त्याचा चेहरा खुलला. असा चेहरा मी त्याच्या पायाला लागल्यापासून पाहिला नव्हता. “मास्तर, तुमची सिमा फुकट जात होती. उजव्या फडताळावरच्या एकाही बाटलीत बेदाणा नाही! ताइमीला विसर पडायला लागला वाटतं. मी टाकले. साखरही टाकली थोडी. काही म्हणू नकोस. तू माझ्या टाचेसाठी एवढं करतोस, मला काहीतरी करावंसं वाटलं.”

“रेइनो,” मी म्हणालो, “ती सिमा नव्हती.”

त्यानं आत जाऊन साखरेचा डबा उघडून पाहिला.  

“साखर चांगली होती,” शेवटी तो म्हणाला.

नवीन पाणी भरायला वेळ नव्हता. मासेमारीचा परवाना एका दिवसाचा होता, झाकण पुन्हा उघडायला पुन्हा सभा लागली असती. बाटल्या खोक्यात भरून टपालात नेल्या, तर टपालवाल्या बाईनं खोका कानाशी धरला आणि म्हणाली, “हे आतून बोलतंय. बोलणारी वस्तू आम्ही पाठवत नाही.” मग मी खोका मांडीवर घेऊन रेल्वेत बसलो.

डब्यात शांतता होती. आमच्या रेल्वेत लोक वाचतात, विणतात किंवा खिडकीबाहेरची झाडं बघतात. अर्धा रस्ता झाला आणि पहिलं बूच उडालं. आवाज बंदुकीसारखा, वास गोठ्यासारखा. कुणीही मान वळवली नाही. समोरच्या गृहस्थानं पान उलटलं. शेजारच्या बाईनं विणकामाचे टाके पुन्हा मोजायला घेतले. मी हातरुमालानं बाटली दाबून धरली आणि खिडकीबाहेर असं बघत राहिलो, जणू खोका कुणी अनोळखी माणसानं माझ्या मांडीवर ठेवला आहे. पुढचं स्टेशन गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. मग समोरचे गृहस्थ वर्तमानपत्राच्या मागून हळूच म्हणाले, “झाली वाटतं तयार.”

“हो,” मी म्हणालो.

“जरा जास्तच,” ते म्हणाले. हेलसिंकीपर्यंत दुसरं बोलणं झालं नाही.

संस्थेत साइला नावाची तरुण संशोधक भेटली. तिनं उरलेल्या तीन बाटल्या प्रकाशात धरल्या. उडालेली बाटली गोठ्याची होती, तिच्यात काही उरलं नव्हतं.

“हे काय तरंगतंय?”

“बेदाणे.”

“तुमच्याकडच्या गटारात बेदाणे असतात?”

पस्तीस मुलांच्या वर्गात मी कधी अडखळलो नाही. या मुलीपुढे मला सुरुवातच तीनदा करावी लागली. मी सगळं सांगितलं. टाच, झाकण, तळघर, उल्पु. ती हसली नाही. ओठ मात्र तिनं आत घेतले.

“आजोबा, नियम असा आहे की पाण्यात काहीही मिसळलेलं नको. मला तुमचा नमुना स्पर्धेबाहेर काढावा लागेल.”

“टाकून देणार?”

“स्पर्धेबाहेर काढणार म्हटलं. नियम स्पर्धेला आहेत. जखमेला नाहीत.” आणि तिनं बाटल्या जपून शीतकपाटात ठेवल्या.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. पहिलं बक्षीस उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या तिसरीच्या वर्गाला. त्यांनी शाळेमागच्या बदकांच्या डबक्यातलं पाणी पाठवलं होतं आणि विषाणूचं नाव ठेवलं होतं ‘क्वाक’. बक्षीस समारंभाला मलाही बोलावणं आलं. काय करू नये, हे सांगण्यासाठी. मी उभा राहिलो, झालेलं सगळं क्रमानं सांगितलं. मुलं मन लावून ऐकत होती. दात पडलेल्या एका मुलीनं हात वर केला.

“आजोबा, ज्यांनी बेदाणे टाकले, ते वाईट आहेत का?”

“नाही गं. चांगले आहेत. म्हणूनच टाकले.”

“मग त्यांना बरं वाटलं का?”

एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात मला इतका नेमका प्रश्न फार थोड्या मुलांनी विचारला. “अजून नाही,” मी म्हणालो, आणि खाली बसलो.

घरी आलो तर ताइमी म्हणाली, “तिसरीच्या पोरांनी हरवलं ना तुला?”

“शिकवणारं कुणीतरी चांगलं असणार त्यांना.”

“तुझ्यासारखं नसणार,” ती म्हणाली, आणि कॉफीचा पहिला कप मला दिला.

सप्टेंबरात साइलाचा फोन आला. चौथ्या बाटलीत, म्हणजे आमच्याच मोरीविहिरीच्या पाण्यात, एक विषाणू निघाला होता. रेइनोच्या जंतूवर सोडला की काचेच्या ताटलीत वाढवलेली जंतूंची साय ठिकठिकाणी विरघळून भोकं पडायची. ‘क्वाक’ही थोडाफार चालत होता. दोघं मिळून आणि जुन्या औषधासह द्यायचं, असं डॉक्टरांच्या मनात होतं. त्यासाठी खास परवानगी काढावी लागणार होती.

“नाव मात्र तुम्हाला ठेवता येणार नाही, आजोबा. नियम.”

“नको. मला नाव नको.”

“त्याला एक लांबलचक क्रमांक दिलाय. पण इथे सगळे त्याला बेदाणा म्हणतात.”

मी खाली जाऊन रेइनोला सांगितलं. त्यानं विचारलं, “म्हणजे आपल्याच झाकणाखाली होता?”

“आपल्याच.”

“मग मी तटस्थ राहायला नको होतं,” तो म्हणाला.

परवानगीला ऑक्टोबर गेला. मग रुग्णालयात थेंब थेंब औषध सुरू झालं. नोव्हेंबरात जखमेचा वास गेला. डिसेंबरात कडा जवळ येऊ लागल्या, पण किती हळू! रेइनो काही बोलत नसे. फक्त जिन्यातल्या सौनाच्या तक्त्यापुढे उभा राहून आपलं नाव वाचायचा. उल्पुही जाता-येता तो तक्ता वाचायची. दोघं एकमेकांना बाजूला सरून जागा द्यायचे.

वर्षातला शेवटचा शनिवार आला. आदल्या दिवशी डॉक्टरांनी टाच पाहिली, दाबली, आणि म्हणाले, थोडा वेळ चालेल. मी आणि ताइमी सहा ते सात आत होतो. सात वाजता मी बाहेर बाकावर येऊन बसलो. बर्फ पडत होता. रेइनो येईना. सव्वासात झाले. मी भट्टीकडे गेलो, लाकडं टाकायला. पाहतो तर कुणीतरी आधीच टाकून ठेवली होती, चांगली बर्चची, सालीसकट. वरच्या फळीवर तागाचं नवं कोरं कापड अंथरलेलं होतं.

दारात उल्पु उभी होती, आणि तिच्यामागे, तिनं बाहीला धरून आणलेला रेइनो.

“जिन्यात उभा होता,” ती म्हणाली. “घाबरलाय. बंदरावरचा माणूस, आणि वाफेला घाबरतो.”

“टाच उलली तर?” रेइनो म्हणाला.

“तर तास मला मिळेल. जा आत. माझं कापड मात्र घामानं खराब करू नकोस, धुऊन परत दे.” मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “काय बघतोस? यादीत मी अजून पहिलीच आहे. तुम्ही दोघं काही तरुण होत नाही आहात.”

आतून तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला. एकदा, मग थांबून आणखी एकदा. थोड्या वेळानं रेइनो बाहेर आला, लालबुंद, खांद्यांवरून वाफ निघत असलेला, आणि माझ्या शेजारी बसला. टाच त्यानं जपून लाकडी पायरीवर ठेवली होती. ती सुकीच होती. मी त्याला बाटली दिली. आम्ही बोललो नाही.

मेच्या सणाच्या आधी आमच्या दारापाशी सिमाची एक बाटली आली. तारेचं बूच, पिवळट रंग, वर अंक नाही. आत एकही बेदाणा नव्हता. बाटलीच्या गळ्याला दोऱ्यानं बांधलेलं बेदाण्यांचं एक बंद पाकीट होतं आणि त्यावर बंदरावरच्या कागदांवर असायचं तसल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आधी वास घेऊन बघ. मगच टाक.’

मी वास घेतला. लिंबाचाच होता. बेदाणे टाकले.